दुपट्याचा काठ

बाळाचं हृदय जन्मापासून अधू, म्हणून दर रविवारी घरी वजन करून डॉक्टरांना कळवायचं होतं. या रविवारी काटा एकदम पावणेतीनशे ग्रॅमने पुढे सरकला. आनंद राहिला बाजूला, बाळाच्या आईच्या मनात पाल चुकचुकली. पोराची मनगटं तर अजून काडीसारखीच होती! दूध मोजूनच द्यायचं, जास्त झालं तर धाप लागेल, अशी सक्त ताकीद होती.

सासूबाई आयुष्यभर पडदे शिवत आलेल्या. हल्ली त्या बाळाला घेऊन दार लोटून बसायच्या आणि वजनाच्या वेळी स्वतःच त्याला दुपट्यात गुंडाळून आणायच्या.

"आई, खरं सांगा, चोरून काय पाजता त्याला?"

"देवाशपथ, थेंबसुद्धा नाही गं!"

तिचा विश्वास बसेना. पोट फुगलंय का बघायला तिने दुपटं सोडलं, तर तेच हाताला जड लागलं. पडदा सरळ पडावा म्हणून घालतात त्या लोखंडी चकत्या त्याच्या काठात ओळीने शिवलेल्या होत्या.



सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "पाच किलो भरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाहीत म्हणे. आता दोनच चकत्या लावायच्या राहिल्या होत्या गं."