हरवलेली ट्वायला

प्लॅट नदीत सोडलेले पाय. कॉफीचा थर्मास. भडक नारिंगी जाकीट. वर घिरट्या घालणारं चिमुकलं विमान.

हवाई दलाच्या स्वयंसेवकांचा शोधसराव चालू होता. हरवलेली बाई झाली होती ट्वायला आणि विमानातून तिला शोधायचं होतं तिच्याच नवऱ्याने. ती दिसली, की वर्षभर हुलकावणी देणारा निरीक्षकाचा बिल्ला आज डेलबर्टला मिळणार होता.

"काय रे, बायको दिसतेय का?" पायलट रसने डिवचलं. "की ओळखतच नाहीस आता?"

डेलबर्टने खाली पाहिलं. विमान बघताच ट्वायलाने जाकीट काढलं, घडी करून बुडाखाली घेतलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

"इथे कुणी नाही," डेलबर्ट म्हणाला. "पुढे चल."

***

डेलबर्टची आई महिन्याभरापूर्वी त्यांच्याकडे चार दिवसांसाठी राहायला आली होती आणि अजून तिथेच होती.