दोन तुकडे

डेअरीतली पाळी संपवून तो घरी आला, तेव्हा बहीण स्वयंपाकघरात दूध कोमट करत होती. तिचं दीड महिन्याचं बाळ आजीच्या खांद्यावर रडून रडून लालबुंद झालं होतं.

"दादा, रिपोर्ट आला. बाळाला दुधातली साखर चालत नाही, जन्मापासूनचा दोष आहे. माझं दूधही बंद करायला सांगितलंय. डॉक्टरांची पावडर संध्याकाळी मिळेल. तोवर तुमच्या डेअरीचं बिनसाखरेचं दूध देते." तिने ते बाटलीत ओतलं.

त्याने रिपोर्ट हातात घेतला. दोष गॅलॅक्टोज न पचण्याचा होता. बाटली हिसकावून त्याने मोरीत उपडी केली.

"अरे, काय केलंस?"

"आधी किती पाजलंस?"

"थेंबही नाही अजून."

तो भिंतीला टेकला. "आम्ही साखर काढत नाही गं. एन्झाइम घालून तिचे दोन तुकडे करतो. बाकीच्यांच्या पोटाला ते सोसतं. त्यातला एक तुकडा गॅलॅक्टोज. बाळासाठी ते विषच."

बहिणीने रिकामं पाकीट त्याच्यापुढे धरलं. "पण इथे लिहिलंय, 'ज्यांना दुधातली साखर चालत नाही, त्यांच्यासाठी खास.' मी वाचूनच घेतलं रे."

त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने घाईघाईने डेअरीचा नंबर लावला. ती ओळ त्यानेच सुचवली होती, आणि आज सकाळीच तसली चाळीस हजार पाकिटं गाड्यांत भरून गावोगाव गेली होती.