पिवळं कूपन

व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळख झालेला, नरोलीच्या कंपनीतला भावेश दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच सिल्वासाला वसंत सरांच्या घरी आला. महायुद्धात धातूचा तुटवडा पडला, तेव्हा काठियावाडातल्या संस्थानांनी सुट्ट्या नाण्यांऐवजी पुठ्ठ्याची छोटी कूपनं काढली होती; दोघांनाही ती जमवायचा नाद. शिक्का, सही, पुठ्ठ्याचा रंग यांवरून त्यांचे प्रकार ओळखायचे. सरांच्या दारात आकाशकंदील नव्हता, पण भावेशचं सगळं लक्ष अल्बमात.

"सर, आ जुओ!" भिंग धरून तो ओरडलाच. "बाकीची सगळी पांढरट, आणि हे एकटंच पिवळं. तेही दोन्ही बाजूंनी! हा प्रकार तर कुठल्याच यादीत नाही."

सरांनी कूपन अलगद तळहातावर घेतलं.

"मागच्या लक्ष्मीपूजनाला आमच्या शोभाने चांदीच्या नाण्याबरोबर यालाही हळदीच्या पाण्यात आंघोळ घातली. मी चिडलो, तर मलाच म्हणते, 'हाही पैसाच ना? मग त्याला एकट्याला का वगळायचं?'"

भावेश खो खो हसला. त्याने पाकिटातून स्वतःचं एक कूपन काढून पुढे केलं.

"मग यंदा काकूंना सांगा ना, माझ्याही एकाला घाला म्हणावं. आपली जोडी होईल!"

सरांनी ते कूपन हळूच त्याच्याकडे परत सरकवलं.



"यंदा आमच्याकडे दिवाळी नाही रे, भावेश. पिवळं आता हे एवढं एकच."