निवांत पाण्यातल्या मुऱ्या

या, जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एक लहानशी गोष्ट सांगते.

वर्तकनगरला माझी थोरली बहीण, मंदाताई राहते. तिच्या यजमानांनी, सुधीरभाऊजींनी, काचेच्या टाकीत नदीतल्या मुऱ्या पाळल्यात. बोटाएवढे, वाळूवर पडून राहणारे मासे. "पाणी जिकडून वाहत येतं ना, तिकडेच तोंड करतात बघ," भाऊजी कौतुकाने सांगायचे.

दोन महिन्यांपूर्वी भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला. आता ते टाकीच्याच खोलीत पडून असतात. बोलत नाहीत, कोणाला ओळखत नाहीत.

परवा दुपारी टाकी साफ करायची म्हणून मी पाणी वाहतं ठेवणारा पंप बंद केला. पाणी अगदी निवांत झालं. तरी सातही मुऱ्या भाऊजींच्या पलंगाकडे तोंड करून राहिल्या.

"ताई, हे बघ गं!"

"रोजचंच आहे ते," शेंगा सोलत ताई म्हणाली. "तू अभंग म्हण. त्यांना बरं वाटतं."

मी म्हणू लागले. दुसऱ्या चरणाला मुऱ्या वळल्या. हळूहळू, सगळ्या एकदम. पलंगाकडून कपाटाकडे, कपाटाकडून दाराकडे. जणू कोणी खोलीतून चालत निघालं होतं.

मी पलंगाकडे पाहिलं. भाऊजींची छाती संथ वरखाली होत होती.

मान वर न करता ताई म्हणाली, "जपून जा हो. जिना ओला आहे."

भाऊजींचा श्वास अजून चालू आहे. मुऱ्या अजून दाराकडेच बघतात. संध्याकाळी देवापाशी दिवा लावाल, तेव्हा सुधीरभाऊजींची आठवण काढा. तेवढाच घरी परतायचा रस्ता दिसेल त्यांना.