फुकटची फेरी

“अजून चार किलो मावते यात,” जागेश्वरराव म्हणाले आणि काट्यावरची सुटकेस उतरवून त्यांनी पुन्हा उघडली.

सानगडीच्या त्यांच्या धानगिरणीत पोती तोलायचा काटा होता. आज त्यावर बायकोच्या, म्हणजे सत्यभामाबाईंच्या, दोन सुटकेसा चढत-उतरत होत्या. अमेरिकेच्या विमानात माणसामागे सामानाचे दोन डाग नेता येतात आणि दोन्हींचं वजन ठरलेलं असतं, हे कळल्यापासून त्यांना चैन नव्हतं. फुकट मिळालेल्या फेरीतलं एक किलो जरी रिकामं गेलं असतं, तरी तो माणूस त्या दिवशी जेवला नसता.

फेरी खरोखरच फुकट होती. त्यांचा मुलगा इश्वर तिकडे इंजिनियर. कंपनीच्या कामाने सारखा विमानात. तिथली एक विमान कंपनी म्हणे नेहमीच्या गिऱ्हाइकाचे मैल लिहून ठेवते आणि पुरेसे साठले की जाण्यायेण्याचं तिकीट देते, घरातल्या कोणाच्याही नावाने. आपला किराणेवाला दिवाळीला कायमच्या गिऱ्हाइकाला गुळाची भेली देतो, त्यातलाच प्रकार.

हे गणित जागेश्वररावांनी बायकोकडून पुन्हापुन्हा समजून घेतलं होतं.

“म्हणजे जवळ कुठं गेलं तं मैल डुबले,” ते म्हणाले. “जितकं दूर, तितके वसूल. अन् थंडीच्या तोंडावर कमी मैलांत काम होते म्हणते न? मंग थांबाचं काहून?”

“मी कुठं थांबा म्हणून राहिली?” सत्यभामाबाई म्हणाल्या.

मुलाशी मात्र जागेश्वरराव बोलत नव्हते. सात वर्षांपूर्वी चालती गिरणी सोडून इश्वर परदेशी निघाला, तेव्हा त्यांनी ओसरीवरून ओरडून सांगितलं होतं, “मी सोता घ्याले आलो तरच ह्या घरात पाय ठेवजो. नाई तं येऊच नको.” पोरगाही बापाचाच. तो आला नाही. बाप घ्यायला जाणं तर शक्यच नव्हतं. दिलेला शब्द आणि विकलेलं धान परत घ्यायचं नसतं, असं ते छाती पुढे काढून सांगत. सत्यभामाबाईंचे भाऊ वासुदेवराव साकोलीत राहायचे, त्यांच्याकडे फोन होता. मुलाचा फोन यायचा तेव्हा सत्यभामाबाई आत बोलत आणि हे बाहेर पानठेल्यावर सुपारी चघळत उभे राहत.

या दोघांच्या हट्टात आईचं मरण होत होतं. पोराचा चेहरा आपण विसरत चाललो की काय, असं तिला रात्री-अपरात्री वाटायचं. म्हणून या फेरीचा आनंद सगळ्या आळीला झाला. शेजारच्या पुष्पाबाईंनी काडीवर वळलेल्या शेवयांचे सरगुंडे करून आणले, कोणी कोहळ्याच्या वड्या दिल्या.

जागेश्वररावांनी स्वतःच्या हाताने चिन्नोर तांदळाची पिशवी भरली.

“हे कायले?” सत्यभामाबाईंनी विचारलं. “तिथं तांदूळ मिळते.”

“वजन भराले. तुह्या पोरासाठी नोहे.”

मग वजन भरायलाच करवंदाच्या लोणच्याची बरणी आली. इश्वर लहानपणी याच लोणच्यावर दोन भाकरी जास्त खायचा, हा अर्थात निव्वळ योगायोग.

“टिकीट दाखव तं एकडाव,” ते म्हणाले.

“ते वासुदेवापाशी आहे. कागदपत्र सारे त्यानंच पाहिले. विमानतळावर घेऊन येतो म्हणाला.”

“हरवलं तं?”

“नाई हरवत. तुमीच या न संगं नागपूरले.”

“मी कायले? बायको चालली म्हणून रडाले?”

सत्यभामाबाई सरगुंडे कपड्यांत नीट गुंडाळत म्हणाल्या, “नका येऊ. पण तिथल्या काट्यावर कोणी वजनात मारलं तं वासुदेव काई बोलत नाई, बाप्पा. तो गरीब माणूस.”

जागेश्वररावांनी त्याच संध्याकाळी धोतर-कोट धुवायला टाकला.

ठरल्या दिवशी गिरणीच्या मेटॅडोरमधून अर्धी आळी नागपूरला निघाली. बाया वाटभर गाणी म्हणत होत्या. भंडाऱ्यात चहा झाला. नागपुरात जागेश्वररावांनी घासाघीस करून झेंडू-शेवंतीचा भला दांडगा हार घेतला आणि सोनेगावच्या विमानतळावर पोचताच बायकोच्या गळ्यात घालायला निघाले.

“आता नका घालू,” त्या लाजून म्हणाल्या. “विमान तं येऊ द्या.”

वासुदेवराव आधीच आले होते. त्यांना दरदरून घाम सुटला होता. सुटकेसांजवळ जागेश्वरराव स्वतः पहाऱ्याला उभे राहिले. काटा कुठे आहे, याची त्यांनी दोनदा चौकशी केली.

मुंबईचं विमान उतरलं तशी आळीने कठड्याशी एकच गर्दी केली. जागेश्वररावांनी आजवर विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं होतं, पण समजावून सांगायला काय लागतं?

“हेच विमान आता वापस मुंबईले जाते,” ते पुष्पाबाईंना म्हणाले. “हे लोक उतरले का आपली बाई चढली. मुंबईहून मंग मोठं विमान.”

शिडीवरून माणसं उतरू लागली. सत्यभामाबाईंनी नवऱ्याचा कोट घट्ट धरला होता. पहिल्यांदाच विमानात बसायचं म्हणजे जीव घाबरणारच. जागेश्वररावांना बायकोची फार माया आली. घर खायला उठेल, हे त्यांना आत्ता कुठे कळलं.

“भेऊ नको,” ते हळूच म्हणाले. “अन् त्याले सांगजो... जेवत जा म्हणा बरोबर.”

“तुमीच सांगा,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

उतरलेली माणसं फाटकातून बाहेर येत होती. त्यातला एक चष्मेवाला सरळ त्यांच्यापुढे आला, वाकला आणि त्याने जागेश्वररावांचे पाय धरले.

“आई म्हणाली, ‘माह्या नावानं टिकीट काढू नको, तूच ये, बाबूजी सोता घ्याले येतीन,’” तो म्हणाला. “मले खोटंच वाटलं होतं.”