क्ष-किरणांचे चढउतार

"सर, या दीर्घिकेतून येणारे क्ष-किरण सारखे कमी-जास्त होताहेत. नुसत्या नवजात ताऱ्यांमुळे असं होणार नाही. आत कृष्णविवर दडलेलं असणार," शाल्मली म्हणाली.

"दुर्बिणीचा दोष असेल. काढून टाक ते," तिचे मार्गदर्शक डॉ. खांबेटे म्हणाले. तिने प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकलं.

पुढच्या वर्षी परदेशातल्या एका गटाने त्याच दीर्घिकेत कृष्णविवर सापडल्याचं जाहीर केलं. संस्थेच्या भरल्या सभागृहात सरांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"हीच निरीक्षणं आमच्या या बाईंकडे वर्षभर पडून होती. यांना काही दिसलंच नाही!"

सभागृह हसलं. शाल्मली उभी राहिली. तिच्या प्रबंधावर अजून सरांची सही व्हायची होती.

"लक्षातच आलं नाही, सर," असं म्हणून तीही हसली.