अंग खैरमोडेंचं

"खैरमोडे, स्वित्झर्लंडला काय पाहिलंत तो रकाना कोराच आहे," प्रवास-नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला.

"मी कुठे पाहिलं, बाई? आमदारसाहेबांचं मन माझ्या अंगात घालून तिकडे नेलं. माझं मन आठ दिवस इथे डबीत झोपलेलं."

"कायद्याला मन दिसत नाही. विमानात अंग तुमचं बसलं, म्हणून नाव तुमचं."

ते नाव कालपासून बाहेर, दुसऱ्यांच्या पैशाने परदेशी फिरून आलेल्यांच्या फलकावर झळकत होतं. स्वीय सहायक मुकुंद खैरमोडे, आठ दिवस, खर्च एका सिमेंट कंपनीचा. बायकोने ते वाचलं आणि आज डबाच दिला नाही. बर्फाने सोललेलं नाक आणि सुटलेलं पोट, त्या सहलीतलं एवढंच काय ते खैरमोडेंच्या वाट्याला आलं होतं.

वैतागून त्यांनी तिथूनच फोन लावला. "साहेब, तिकडे काय पाहिलं म्हणून लिहू?"

"बर्फ लिही," साहेब खुशीत होते. "आणि पुढच्या महिन्यात परत जायचंय. तोवर तुझ्या त्या गुडघ्याचं काहीतरी कर बाबा. डोंगर चढताना फार त्रास झाला मला."